धाकटीचं काय करायचं

९ जानेवारी

सर,

नमस्कार करते आहे. पलीकडे मान हलली की नाही हे मला इथून दिसणार नाही, म्हणून हलली असं धरून पुढे लिहिते.

कागदावर लिहायचं कारण सरळ आहे. माझे मेल तुम्ही उघडत नाही. फोन काकू उचलतात, "ते जरा बाहेर गेलेत" म्हणतात, आणि मागून तुमच्या खोकण्याचा आवाज येतो. पत्र तरी हातात घ्यावं लागतं. फाडायचं असलं तरी घ्यावंच लागतं.

बातमी अशी की फ्युजन संशोधनाची पुढच्या वीस वर्षांची योजना आखायला समिती नेमली आहे आणि अध्यक्ष मी आहे. समित्यांबद्दल तुमचं मत मला तोंडपाठ आहे, ते परत ऐकवायची गरज नाही. ही समिती उन्हाळ्यापर्यंत संपवायची असं मी ठरवून टाकलं आहे आणि सगळ्यांना तसं सांगितलंही आहे.

मागचं एकदा बोलून टाकते, म्हणजे ते सारखं पायात येणार नाही. सहा वर्षांपूर्वी तज्ज्ञांच्या मंडळाने धाकटीबद्दल, तुमच्या नव्या फ्युजन यंत्राबद्दल, माझं मत विचारलं. आकाराने आपल्या चालत्या यंत्राच्या, थोरलीच्या, चौपट, तरी जन्माला नंतर येणार म्हणून तुम्हीच तिला धाकटी म्हणायला लागलात. तिच्या आराखड्यामागे तुमची किती वर्षं गेली हे मला ठाऊक होतं, कारण त्यातली निम्मी मी तुमच्या शेजारच्या टेबलावर काढली होती. मी मंडळाला म्हणाले, आराखडा उत्तम आहे, पण आत्ता बांधू नका. आतली भिंत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली किती दिवस टिकेल हे कोणालाच माहीत नाही. ते माहीत नसताना एवढं मोठं यंत्र उभं केलं आणि ते आतून पोखरलं, तर लोक पुढची पन्नास वर्षं फ्युजनचं नाव काढू देणार नाहीत. मंडळाने धाकटी थांबवली. तुम्ही महिन्याभरात निवृत्ती घेतलीत आणि नियंत्रण कक्षाच्या किल्ल्या माझ्या हातात न देता दारावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवून गेलात.

मी तेव्हा बरोबर होते. आज विचारलं तरी तेच सांगेन. तुम्हाला आवडेल तेवढंच सांगायला तुम्ही मला शिकवलं नव्हतं.

आता काम. योजनेवर तुमचं मत मला लेखी हवं आहे. एक पान लिहा, अर्धं लिहा. शिव्या दिल्यात तरी त्या मुद्द्यानुसार द्या.

थोरली मजेत आहे. पंप नवे बसवलेत, आवाज बराच कमी झालाय. तिची काळजी नको.

तुमची,
अजूनही विद्यार्थिनी

*

४ फेब्रुवारी

सर,

काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "पत्र वाचलं त्यांनी, परत एकदा वाचलं, आणि मग चष्मा पुसत बसले. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाले, अक्षर घाणेरडं आहे." हे उत्तर समजून मी पुढचं पत्र लिहिते आहे.

ऊर्जा खात्याच्या सचिवबाई आल्या होत्या. हुशार बाई. फाईल न उघडता बोलतात आणि समोरच्याचं वाक्य मध्येच तोडत नाहीत. पण पहिला प्रश्न तोच.

"मला एक साल सांगा. वीज कधी?"

"साल नाही सांगता येणार."

"मग मी वर जाऊन काय सांगू?"

"सांगा, की सूर्यात जे चालतं ते माणसाने करून दाखवलंय, पण काही क्षणांपुरतं. पुढे तीन ठिकाणी घोडं अडलंय. यंत्राची आतली भिंत टिकवायची कशी, ते एक. ट्रिटियम नावाचं इंधन निसर्गात जवळजवळ नाहीच, ते यंत्राच्या पोटातच लिथियमपासून बनवायचं कसं, ते दुसरं. आणि हे सगळं महिनोन्‌महिने न थांबता चालवायचं कसं, ते तिसरं. सांगा, की कुठे अडलंय ते आम्हाला माहीत आहे."

"एक कंपनीवाले गृहस्थ माझ्याकडे येऊन गेले. ते आठ वर्षांत वीज देतो म्हणतात."

"त्यांना भिंतीचं विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, ते बघू पुढे."

"आम्ही ते आधी बघतोय. फरक एवढाच."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी लिहून घेतलं. नवऱ्याला घरी हे सांगितलं तर तो म्हणाला, "माझ्याकडे पेशंट विचारतात, हा दात किती वर्षं टिकेल. मी सांगतो, नीट घासलात तर टिकेल." दातांच्या डॉक्टरशी लग्न केल्यामुळे फ्युजनचा प्रत्येक प्रश्न आमच्या घरी शेवटी दातांवर येतो.

मसुदा तयार होत आलाय. सगळ्यात आधी भट्टीवाल्याचं माराघर. हे नाव तुमच्यानंतर पडलं, म्हणून सांगते. धातू विभागाचा प्रमुख, तोच तो, कायम भट्टीपाशी उभा असणारा आणि भुवया जळालेल्या. त्याला अशी इमारत हवी आहे जिथे वेगवान कणांचा झोत वाहत्या लिथियमवर सोडायचा, त्यातून न्यूट्रॉन उसळतात, आणि त्यांच्या समोर भिंतीच्या धातूचे तुकडे मांडून ठेवायचे. वर्षभर मारा सोसून कोणता तुकडा शाबूत राहतो ते बघायचं. सहा वर्षांपूर्वी मला जे उत्तर हवं होतं, ते या इमारतीतून निघेल. त्याच्या जोडीला लिथियमच्या आवरणाची प्रयोगशाळा. धाकटीचा निर्णय भिंतीचं उत्तर हातात आल्यावर.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते. माराघराला माणसं लागतात आणि माणसं आहेत तेवढीच आहेत. म्हणून मसुद्यात थोरली पुढच्या वर्षी बंद होते आहे. तिने तिचं काम केलं. नवे पंप माराघरात वापरता येतील. पहिल्याच पत्रात हे लिहिलं असतं तर तुम्ही पहिलं पानही पुरतं वाचलं नसतंत. आता निदान इथवर आला आहात.

या महिन्याच्या अखेरीला मोठ्या सभागृहात खुली सुनावणी आहे. कोणीही यावं, काहीही विचारावं. निमंत्रण सोबत ठेवते. तुम्ही येणार नाही हे मला माहीत आहे.

तुमची,
तीच

*

२७ फेब्रुवारी

सर,

तुम्ही आलात.

मी व्यासपीठावरून तुम्हाला ओळखलं ते तोंडावरून नाही. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत, आत एवढं उकडत असताना, कोट घालून बसणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. बारीक झाला आहात. काकूंनी फोनवर हे सांगितलं नव्हतं.

सुनावणी मला सोपी जात होती, हे तुम्हीही पाहिलंत. कंपनीवाल्याला भिंतीच्या मुद्द्यावर गप्प केलं. विद्यापीठातले दोघं माराघराच्या जागेवरून वाद घालत होते, त्यांना नकाशा दाखवला. सचिवबाई पहिल्या रांगेत मान डोलावत होत्या. मला वाटलं, झालं, आता चहा. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात.

काल जे बोललात ते मी घरी येऊन लिहून काढलं, म्हणजे नंतर माझ्या सोयीने आठवणार नाही. तुम्ही म्हणालात, "आधी भिंत, मग यंत्र, हा क्रम मला पटत नाही, पण तो वाद जुना आहे. माझा प्रश्न वेगळा. थोरली पुढच्या वर्षी बंद. धाकटी झालीच तर बारा-पंधरा वर्षांनी. मधल्या काळात या केंद्रात एकही चालतं यंत्र नाही. मग धाकटी चालवणार कोण?"

मी म्हणाले, "प्रशिक्षण देता येईल."

"कशावर?"

"संगणकावर प्लाझ्माची हुबेहूब प्रतिकृती आहे."

"तू स्वतः कशावर शिकलीस?"

सभागृहात कोणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. मी थोरलीवर शिकले. पहिल्या वर्षी माझ्या हातून तो तापलेल्या वायूचा प्लाझ्मा इतक्यांदा कोसळला की तंत्रज्ञ मला 'पाडणारी' म्हणायचे. तो कोसळण्याआधी पडद्यावरची रेघ एका विशिष्ट तऱ्हेने थरथरते, ती थरथर तुम्ही मला बोट ठेवून दाखवली होती. ती मला आजही कोणत्याही पुस्तकात लिहून देता येणार नाही.

मी माइकवर म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. मसुदा मागे घेते. उत्तर घेऊनच परत येईन."

तुम्ही उठून गेलात. चहालाही थांबला नाहीत. मी पायऱ्यांपर्यंत आले होते, पण तुमची टॅक्सी वळली.

नंतर मी घरी न जाता नियंत्रण कक्षात गेले आणि पाळीवरच्या लोकांना विचारलं, थोरली थंड अवस्थेतून एकट्याच्या जबाबदारीवर सुरू केलेली माणसं किती आहेत. मोजकेच हात वर झाले, आणि सगळे पिकल्या केसांचे. तरुण मुलं हाताची घडी घालून बसली होती. त्यांना कोणी कधी करूच दिलेलं नव्हतं. मी त्या खोलीत रोज येते. मला हे दिसायला हवं होतं, आणि दिसलं तुम्हाला, इतक्या लांबून.

प्रश्न बरोबर होता, सर. रागावलेल्या माणसाने विचारला म्हणून तो कमी बरोबर ठरत नाही. मी रागावलेली नाही. मला उलट बरं वाटतंय, का ते सांगत बसत नाही.

आता मदत करा. प्रश्न टाकून निघून जाणं तुमच्यासारख्याला शोभत नाही.

तुमची,
पाडणारी

*

२० मार्च

सर,

तुमचं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, सही नाही, एकच ओळ: 'थोरलीच्या आतल्या फरशा बदलायला किती वेळ लागतो ते भट्टीवाल्याला विचार.' सहा वर्षांनी आलेली पहिली ओळ आणि तीही फरशांबद्दल. मी ती नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "छान आहे की. कवळी बदला म्हणतात." या वेळी त्याचं दातांवर येणं चुकलं नाही.

पण ओळ येण्याआधी इथे काय काय झालं ते ऐका.

थोरली चालू ठेवायची तर तिची माणसं माराघराला मिळणार नाहीत, म्हणजे माराघर दोन वर्षं पुढे. हे मी भट्टीवाल्याच्या कानावर घातलं. त्याने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "सहा वर्षं तुम्ही माझ्या भिंतीच्या नावाने सगळ्यांशी भांडलात. आता म्हातारे गुरुजी सभेत एक वाक्य बोलले आणि भिंत मागे?"

"त्यांच्यासाठी नाही. वाक्यासाठी."

"माझ्याकडे राजीनामा लिहायला कागद आहे."

"आहे तर असू दे. शुक्रवारपर्यंत लिहू नका."

माझ्याकडे तेव्हा काहीही नव्हतं. उगाच दिलेली मुदत होती. त्यात संचालकांनी बोलावून घेतलं. ते या वर्षी पायउतार होतायत हे तुम्हाला काकूंकडून कळलंच असेल. त्यांनी दार लावलं आणि सांगितलं, की मूळ मसुदा आहे तसा पुढे गेला तर त्यांच्या खुर्चीसाठी माझं नाव पक्कं आहे. "खात्याला ठाम माणूस हवा असतो. भर सभेत मसुदा मागे घेणारा नको." मी म्हणाले, "मी ठामच आहे. मसुदा चुकला होता, हे ठामपणे सांगितलं." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीचा विषय तिथेच संपला. हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. पण लिहिता लिहिता आलं, आता खोडत नाही.

आणि गुरुवारी तुमचं कार्ड.

मी ते तसंच भट्टीवाल्यासमोर ठेवलं. त्याने ओळ वाचली, पाठपोट पाहिलं, आणि तिथल्या तिथे भिंतीवरच्या फळ्याकडे वळला. फरशा बदलायला थोरली तीन-चार महिने उघडी ठेवावी लागते. म्हणजे वर्षातला निम्मा काळ तरुण मुलांनी थोरली चालवायची, आणि उरलेल्या काळात भट्टीवाल्याने आतल्या फरशा काढून स्वतःच्या नव्या धातूच्या बसवायच्या. न्यूट्रॉनचा मारा थोरलीत नाही, पण प्लाझ्माची धग आहे, आणि धगीला न टिकणारे धातू इथेच गळून पडतील. माराघर उभं राहील तेव्हा त्यात दहा-वीस ऐवजी दोनच धातू घालायचे राहतील. उशिरा सुरू होऊनही उत्तर जवळजवळ त्याच वर्षी हातात.

खडू ठेवून तो म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं."

"मलाही."

"ते परत येणार आहेत का इथे?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

राजीनाम्याचा कागद त्याने खिशातून काढून मला दिला. कोराच होता. लिहायला बसला होता की नुसतं म्हणत होता, ते मी विचारलं नाही.

तुमची,
खडूने माखलेली

*

१४ जून

सर,

योजना मंजूर झाली.

शेवटच्या बैठकीत सचिवबाईंनी पुन्हा सालाचं विचारलं. मी पुन्हा दिलं नाही. पण या वेळी त्यांच्यासमोर एक लांब कागद पसरला आणि कोणत्या वर्षी कोणता प्रश्न सुटलेला असेल, आणि सुटला नाही तर आम्ही काय बंद करू, ते एकेक दाखवलं. दुसरा भाग त्यांनी दोनदा वाचला.

"सुटला नाही तर बंद करू, असं लिहून देणारे तुम्ही पहिलेच."

"नाही सुटला तर तुम्ही बंद करणारच आहात. मग आम्हीच कुठे ते ठरवलेलं बरं."

"आणि ही धाकटी? शेवटच्या टोकाला आहे, तिच्यापुढे साल नाही, फक्त प्रश्नचिन्ह. ती ठेवलीय कशाला?"

समितीतल्या दोघांचं तेच म्हणणं होतं, की धाकटी काढून टाकावी, उगाच डोळ्यात भरते. मी म्हणाले, "बाकी सगळं तिच्यासाठी चाललंय. भिंत, इंधन, माणसं, सगळं. ती काढलीत तर आम्ही फार महागाच्या फरशा बसवतोय, एवढंच उरेल." त्यांनी सही केली.

संचालकपद विद्यापीठातल्या गृहस्थांना मिळालं, माराघराच्या जागेवरून भांडणाऱ्या दोघांतले एक. माणूस चांगला आहे, वक्तशीर आहे. वाईट वाटलं का? एक दिवस वाटलं. त्या दिवशी लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तू संचालक झाली असतीस तर रोज कोणाच्या तरी वाढदिवसाला केक कापावा लागला असता." ते मात्र मला खरंच जमलं नसतं. योजना राबवायचं काम माझ्याकडे आहे, आणि मला हवं होतं ते हेच.

नव्या चालकांची पहिली तुकडी सप्टेंबरात सुरू होते. शिकवणारे मिळालेत, पण ती थरथर दाखवू शकेल असा एकच माणूस मला माहीत आहे. मानधन किरकोळ, खुर्ची टेकणमोडकी, चहा पूर्वीसारखाच वाईट. दर मंगळवारी.

या वेळी निमंत्रण सोबत ठेवत नाही. यायचं तर तसेच या.

तुमची,
योजनावाली

*

३० सप्टेंबर

सर,

तुम्ही आता दर मंगळवारी माझ्यापासून दोन खोल्या सोडून बसता आणि तरी मी पत्र लिहिते आहे. काही गोष्टी तोंडावर बोलायला गेले की तुम्ही "बरं, पुढे" म्हणता, म्हणून.

काल मी काचेच्या मागे उभी होते. पॅनेलवर नव्या तुकडीतली ती उंच मुलगी होती. प्लाझ्मा उभा राहिला, रेघ सरळ चालली, आणि मग थरथरली. तुम्ही तिच्या खुर्चीमागे होतात. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी मनात म्हणत होते, सांगा तिला. तिने स्वतःच गॅस कमी केला, जरा उशिरा. प्लाझ्मा कोसळला. तो धप्प आवाज मला काचेतूनही पायात जाणवला. मुलीचं तोंड एवढंसं झालं. तुम्ही खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "दिसली ना? आता उशीर का झाला ते सांग." मला तुम्ही बोट ठेवून दाखवली होतीत. तिला स्वतः शोधू दिलीत. तुम्ही जास्त चांगलं शिकवायला लागला आहात, हे आधी सांगायचं होतं.

मग व्हरांड्यात आपलं जे झालं ते.

तुम्ही म्हणालात, "तुझी योजना चांगली आहे. तरी सहा वर्षांपूर्वी धाकटी बांधायलाच हवी होती. बांधता बांधता भिंत समजली असती."

मी म्हणाले, "नसती समजली. फुटली असती."

"तुला काय माहीत?"

"तुम्हाला काय माहीत?"

भट्टीवाला शेजारून जात होता, तो पाठ करून भिंतीवरची सूचना वाचायला लागला. आपण दोघंही चढ्या आवाजात बोलत होतो. काकू म्हणतात, काल तुम्ही घरी येऊन दोन वाट्या जास्त जेवलात. मलाही घरी जाताना गाडीत गाणं म्हणावंसं वाटलं. सहा वर्षं तुम्ही भांडायचं बंद केलं होतंत, सर. तेवढंच मला सहन झालं नव्हतं, बाकी सगळं झालं.

तर आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. धाकटीचा आराखडा पुन्हा उघडायचा आहे. भट्टीवाल्याचे पहिले आकडे पुढच्या उन्हाळ्यात येतील, तोवर तिची आतली भिंत अशी बदलून ठेवायची की कोणताही धातू निवडला तरी ती बसली पाहिजे, आणि खराब झाली तर माणूस आत न जाता बाहेरून यंत्राच्या हातांनी काढता आली पाहिजे. तुमच्या मूळ आराखड्यात यातलं काहीही होत नाही. मी गेल्या रविवारी सगळे कागद जमिनीवर पसरून पाहिले. वरची झाकणं अशी आहेत की एक फरशी काढायला निम्मं यंत्र सोडवावं लागेल.

तपासणी समिती नेमते आहे. तुम्ही त्यात नाही, कारण आराखडा तुमचा आहे. तुम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसाल आणि उत्तरं द्याल. प्रश्न मी विचारेन. भट्टीवाला विचारेल. ती उंच मुलगीही असेल, कारण ते यंत्र तिलाच चालवायचं आहे, आणि तिने झाकणांबद्दल आत्ताच माझ्यापेक्षा अवघड प्रश्न काढून ठेवलेत.

तुम्ही गुरू आहात म्हणून मी हात आखडता घेणार नाही. जिथे चूक असेल तिथे चूक म्हणेन, आणि जिथे तुम्ही मला खोटं पाडाल तिथे सगळ्यांसमोर मान्य करेन, त्याची मला आता सवय झाली आहे. आराखडा यातून निभावला तर मी स्वतः तो घेऊन सचिवबाईंकडे जाईन आणि प्रश्नचिन्हाच्या जागी साल लिहा म्हणेन.

पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला, जुन्या ग्रंथालयात. तिथे उकडत नाही, पण कोट घालून आलात तरी चालेल. झाकणांची तयारी करून या. मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

तुमची विद्यार्थिनी